आईचं टाइप केलेलं मृत्युपत्र

"सही तुमच्या आईचीच आहे, त्याबद्दल वाद नाही," न्यायालयातल्या बाई म्हणाल्या. "पण मजकूर टाइप केलेला आहे. आपल्या कायद्यानं घरी केलेलं मृत्युपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वतःच्या हातानं लिहावं लागतं. हे ग्राह्य धरता येणार नाही."

शेजारी बसलेल्या फोल्कमारनं, माझ्या थोरल्या भावानं, सावकाश श्वास सोडला. मागच्या खुर्चीवरून उटा ब्रेमर ताडकन उठल्या. आमच्या गावचं थिएटर गेली वीस वर्षं त्याच चालवतात.

"अहो बाई, तिचं हस्ताक्षर तुम्ही पाहिलेलं नाही! हातानं लिहिलं असतं तर तुम्हाला ओ की ठो कळलं नसतं!"

"न कळलेलं चाललं असतं," बाई शांतपणे म्हणाल्या.

आई त्या थिएटरात एकेचाळीस वर्षं प्रॉम्प्टर होती, नटांना विसरलेले शब्द हळूच सांगणारी. पहिल्याच वर्षी तिच्या हातची नक्कल एका नटाला वाचता आली नाही आणि तो भर प्रयोगात तोंड उघडं ठेवून उभा राहिला. त्यानंतर कुणाच्याही उपयोगी पडायचं असं काही तिनं हातानं लिहिलं नाही. मृत्युपत्रही तिनं नाटकाच्या नकलेसारखंच टाइप केलं होतं. नाव मधोमध, खाली मजकूर, कंसात सूचना. बाईंनी ते चेहऱ्यावरची रेघ न हलवता वाचून दाखवलं.

थिएटर: माझा फ्लॅट. बाहेरगावच्या नटांना राहण्यासाठी. (विकू नये.)

हेन्रीके: तळ्याकाठची झोपडी. (रडू नये.)

फोल्कमार: बाबांची हत्यारं. (चिडेल. चिडू द्यावं.)

"मग आता?" फोल्कमारनं विचारलं.

"आता सगळंच तुम्हा दोघांचं. निम्मं-निम्मं."

बाहेर पायऱ्यांवर उटानं माझा दंड धरला. गावातलं शेवटचं लॉजही बंद झालं होतं. गेल्या वर्षी पाहुणे नट कपडेपटात गाद्या टाकून झोपले आणि पुन्हा येणार नाही म्हणून गेले. "शुक्रवारपर्यंत मला तिघा नटांना जागा कळवायची आहे, हेन्रीके. नाहीतर पुढच्या वर्षी पडदा उघडतच नाही. तुझ्या आईनं मला शब्द दिला होता गं."

फोल्कमार गाडीपाशी उभा होता. "चल," तो म्हणाला. "चारला दातांचा डॉक्टर येतोय फ्लॅट बघायला. विकत घ्यायचाय त्याला."

आईच्या स्वयंपाकघरात आम्ही समोरासमोर बसलो. खिडकीतून चौकापलीकडे थिएटरचं मागचं दार दिसत होतं. पावणेचार झाले होते.

"तिला काय हवं होतं ते तू ऐकलंस," मी म्हणाले.

"ऐकलं. मला हातोडी आणि पकड." त्यानं बूट काढून गुडघा चोळला. तीस वर्षं तो लोकांच्या छपरांवर कौलं बसवतोय. "तू हाम्बुर्गहून रविवारी फोन करायचीस. दिवा गेला, नळ गळला, की जिने कोण चढायचं? मी. या गुडघ्यांनी."

"माहीत आहे."

"तुला काही माहीत नाही. माझ्या लग्नाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला उठून गेली ती. केक कापायचा होता अजून. प्रयोग आहे म्हणे! सासरे विचारतायत, मुलाची आई कुठे? मी काय सांगू, खोक्यात बसून दुसऱ्यांना शब्द पुरवतेय?" त्यानं टेबलावर हात आपटला. "आणि आता घरही त्यांनाच."

माझ्या पदवीदानालाही ती आली नव्हती. मी घड्याळाकडे पाहिलं. घाईनं बोलले तर तो उठून जाईल आणि बोलले नाही तर डॉक्टर येईल.

"झोपडी तू घे," मी म्हणाले.

"निम्मी माझीच आहे."

"सगळी घे. बदल्यात फ्लॅट थिएटरला देऊ. दोघांच्या सह्यांनी."

थिएटर उन्हाळ्यात दीड महिना बंद असे. तो दीड महिना आई त्या झोपडीत असायची. पहाटे माझ्याबरोबर पोहायची, दिवसभर मोठ्यानं बोलायची, खिदळायची. फोल्कमार तेव्हा बाबांबरोबर कामावर जायचा. आई म्हणून जी मला मिळाली, ती तिथेच.

"तुला ती झोपडी आवडते," तो म्हणाला.

"हो."

"आणि आयुष्यभर मला टोमणे मारशील."

"मारीन."

"नाताळला तर हमखास."

"प्रत्येक नाताळला."

दाराची बेल वाजली. आम्ही दोघंही हललो नाही. ती पुन्हा वाजली तेव्हा फोल्कमार उठला आणि बूट न घालता, मोज्यांवरच दाराकडे गेला. खाली मान घालून मी टेबलक्लॉथची किनार चिमटीत धरून बसले. डॉक्टरचा उत्साही आवाज आला. जागा मोक्याची आहे, भिंत पाडता येईल का, असं काहीतरी तो म्हणत होता. मग फोल्कमारचा आवाज आला. हळू, मला नीट ऐकू येणार नाही इतका. दार लागलं.

तो आत आला, खुर्चीत बसला आणि बूट चढवू लागला.

"सांगितलं त्याला. घर आईनं आधीच देऊन टाकलंय म्हणून." नाडी बांधायला त्याला बराच वेळ लागला. "नोटरीची वेळ तू घे. मला असल्या माणसांशी बोलता येत नाही."

सह्या गुरुवारी झाल्या. झोपडीच्या किल्ल्या मी त्याच्या हातात दिल्या. त्यानं त्या न बघता खिशात टाकल्या.

मेच्या मध्यावर पहिली पाहुणी आली. ड्रेस्डेनची नटी, पन्नाशीची, दोन बॅगा आणि एक पावाची पिशवी घेऊन. मी तिला गॅस दाखवला, खिडकीची अडकणारी कडी दाखवली.

"मला हे कपाट वापरता येईल ना?" तिनं विचारलं.

"एक मिनिट," म्हणत मी आईचे राहिलेले कपडे काढले. स्वेटर पिशवीत बसले, दोन झगे हातावर घेतले. हिवाळी कोट कशातच मावेना. मी तो अंगात घातला, वरपर्यंत बटणं लावली, आणि भर उन्हात बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले.