धडधाकट

सुनेनं रुमालाचं टोक ओलं करून शिट्टीबाईंच्या ओठांबाहेर गेलेली लाली पुसली, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि पुन्हा थोडी लावली. इमारतीच्या तळमजल्यावर, टपालाच्या पेट्यांसमोर हे चाललं होतं. ओठांचा निळसरपणा आता दिसत नव्हता. नखं सकाळीच रंगवून झाली होती.

“माझ्या लग्नातसुद्धा मला कुणी इतकं रंगवलं नव्हतं,” शिट्टीबाई म्हणाल्या.

“आई, आता बोलू नका. वर बोलायचंय.”

मुलगा लिफ्टच्या दाराशी उभा होता. त्याच्या शेजारी एजंट बटण दाबून धरून होता, जणू सोडलं तर लिफ्ट दुसऱ्याच इमारतीत निघून जाईल. या एजंटला घरात सगळे ‘होऊन जाईल’ म्हणायचे. पाणी कमी येतं का? होऊन जाईल. खिडकी उघडली की समोर भिंत आहे? होऊन जाईल. त्यानं आजवर दाखवलेल्या जागांपैकी एकही झालेली नव्हती, पण त्याचा उत्साह काही कमी होत नव्हता.

या भागात इमारती एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक लिफ्टशिवायच्या. जिथं लिफ्ट होती तिथं निराळी अडचण. घरात आजारी माणूस आहे असं कळलं की मालकाचा चेहरा बदलायचा आणि ती जागा अचानक त्याच्या भाच्याला दिलेली निघायची. म्हणून होऊन जाईलनं यावेळी सगळ्यांना पढवून आणलं होतं. हृदयाचं नाही, दवाखान्याचं नाही, औषधाचं नाव नाही. बाई धडधाकट आहेत, एवढंच बोलायचं.

शिट्टीबाई एके काळी खऱ्याच धडधाकट होत्या. शाळेत त्या खेळ शिकवायच्या. पोरांनी ठेवलेलं ‘शिट्टीबाई’ हे नाव पुढे घरातही चिकटलं. सगळी हयात त्यांनी दुसऱ्यांना पळवलं आणि स्वतःही त्यांच्या पुढे पळाल्या. आता हृदय थकलं होतं आणि डॉक्टरांनी जिने बंद केले होते. घर मात्र चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. तपासणीला न्यायचं म्हणजे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, एका बाजूनं मुलगा आणि दुसऱ्या बाजूनं खालचा इस्त्रीवाला, असं उचलून उतरवायचं. मागच्या खेपेला वळणावर मुलाचा पाय सटकला. खुर्ची कलंडली. शिट्टीबाईंनी कठडा पकडला म्हणून निभावलं. त्या नंतर हसल्याही, पण मुलाला हसू आलं नाही. चष्म्याच्या दुकानात तो काचा घासायचा. काम करता करता त्याचे हात आता मध्येच थांबायचे. एक ना एक दिवस आई आपल्याच हातून पडणार, या भीतीनं तो आतून पोखरला होता.

लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबली. शिट्टीबाई स्वतःच्या पायांनी बाहेर आल्या.

मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. उंच, सडपातळ, पाठीत किंचित वाकलेल्या. त्या सहाव्या मजल्यावर राहायच्या आणि ही वरची जागा कुणाला द्यायची हे स्वतः भेटून ठरवायच्या. त्यांनी खोल्या दाखवल्या. शिट्टीबाई प्रत्येक दाराशी थांबून रंगाची, फरशीची चौकशी करायच्या आणि तेवढ्यात श्वास जमवून घ्यायच्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत कौतुक होतं आणि धास्तीही.

मग सगळे चहाला बसले. आपण काय करत होतात, असं मालकीणबाईंनी विचारलं आणि शिट्टीबाईंनी सांगितलं. तिथून पुढे मुलाला, सुनेला किंवा एजंटला बोलायला जागाच उरली नाही. मालकीणबाईंची पाठ दुखत होती. शिट्टीबाईंनी त्यांना खुर्चीतल्या खुर्चीत सरळ बसवलं.

“खांदे मागे. हनुवटी वर नको, आत. हां. आता श्वास घ्या.”

मालकीणबाईंनी श्वास घेतला. शिट्टीबाईंनी मात्र तो फक्त मोजला. आवाज तोच होता, मैदानाच्या टोकापर्यंत जाणारा. मुलगा कप हातात धरून ऐकत राहिला. किती दिवसांनी हा आवाज ऐकतोय, असं त्याला वाटलं.

“आमच्या इथल्या सहा-सात जणी सकाळी गच्चीवर जमतो,” मालकीणबाई म्हणाल्या. “नुसत्या गप्पाच होतात. तुम्ही याल का शिकवायला?”

“येईन की.”

होऊन जाईलनं मुलाच्या गुडघ्यावर हळूच थाप मारली. काम फत्ते, असा त्याचा अर्थ.

मालकीणबाईंनी कप खाली ठेवला. मग जरा अवघडून म्हणाल्या की तुम्हाला बघून फार बरं वाटलं, पण जागा मी तुम्हाला देणार नाही. ही जागा त्यांनी स्वतःच्या आईसाठी घेतली होती. आई उंचावरच्या घरात अडकून पडली होती, खाली उतरणं बंद झालं होतं, आणि ताबा मिळण्याआधीच ती गेली. तेव्हापासून ज्याला जिने चढवत नाहीत त्यालाच ही जागा द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. काल एक कुटुंब येऊन गेलं होतं. त्यांच्या वडिलांना चालवत नाही.

“तुमच्या आई तर माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. तुम्हाला कुठलीही जागा चालेल.”

“हे मला बोलला नाहीत तुम्ही,” एजंट म्हणाला.

“कुणालाच आधी सांगत नाही. सांगितलं की सगळेच आजारी पडतात.”

मुलाला आपण काय करून बसलो ते उमगलं. तो उठून उभा राहिला. आईचं हृदय अर्धंच काम करतं, हे त्यानं सांगितलं. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, तिला खुर्चीतून उतरवावं लागतं, मागच्या वेळी ती माझ्या हातून पडता पडता वाचली, ही लाली, ही नखं, सगळं आम्हीच केलंय, हेही सांगितलं. शब्द एकमेकांवर आदळत होते. खरं सांगत असूनही आपला आवाज खोटारड्या माणसासारखा येतोय, हे त्याचं त्यालाच ऐकू येत होतं.

असं मालकीणबाईंनी बरंच ऐकलेलं असावं. त्या शिट्टीबाईंकडे वळल्या.

“खरं का हो हे?”

सुनेनं पर्समधून रुमाल काढला आणि सासूच्या पुढे धरला.

“आई, पुसा ना ओठ.”

शिट्टीबाईंनी रुमालाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. त्या ताठ बसल्या होत्या, खांदे मागे, हनुवटी आत. त्यांनी रुमाल घेतला, घडी घातली आणि सुनेच्या हातात परत दिला.

“त्याचं मनावर घेऊ नका,” त्या मालकीणबाईंना म्हणाल्या. “जागा हातची जाताना दिसली की माणूस काहीही बोलतो.”

मालकीणबाईंनी मुलाला नखशिखांत न्याहाळलं. जागेसाठी आईला आजारी ठरवू नये, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. शिट्टीबाईंना त्यांनी हात धरून दारापर्यंत पोचवलं आणि गच्चीवर नक्की या, राहायला कुठेही असलात तरी या, असं बजावलं.

लिफ्टमध्ये ‘दुसरी बघू, होऊन’ एवढं म्हणून एजंटनं पुढचं गिळलं. सून मजल्यांचे आकडे बघत डोळे पुसत होती. शिट्टीबाई भिंतीला टेकल्या होत्या आणि त्यांचा श्वास आता सगळ्यांना ऐकू येत होता.

रिक्षात बसल्यावर मुलानं विचारलं, “का, आई?”

“माझ्याकडे बघून तिला बरं वाटलं म्हणाली,” शिट्टीबाई म्हणाल्या. “तुम्ही सगळे माझ्याकडे बघता तेव्हा तुमची तोंडं कशी होतात, तुम्हाला माहीत नाही.”

मुलाला त्यांचा भयंकर राग आला होता. इतका की दुसरं कुणी असतं तर तो रिक्षातून उतरून चालू लागला असता. पण त्या रागाचं काय करायचं ते त्याला कळेना, कारण त्या वरच्या खोलीत चहा पिताना तोही आईकडे बघत होता, आणि त्यालाही बरं वाटलं होतं.

घराखाली इस्त्रीवाला वाट बघत होता. जागेचं काय झालं हे त्यानं चेहऱ्यांवरूनच ओळखलं आणि न विचारता खुर्ची आणली. शिट्टीबाई निमूटपणे बसल्या. सुनेनं पदर त्यांच्या मांडीखाली खोचला. दोघांनी खुर्ची उचलली. मुलगा यावेळी खालच्या बाजूला होता, सगळा भार त्याच्या छातीवर येत होता. पहिला मजला झाला. वळणावर त्यानं पाऊल चाचपून टाकलं.

दुसऱ्या मजल्यावर शिट्टीबाईंनी हात वर केला. दोघं थांबले. लाली तशीच होती, तिच्या कडेनं ओठ निळे दिसायला लागले होते.

“त्या बाईंना एक विचारायचं राहिलं बघ,” त्या म्हणाल्या. “लिफ्ट गच्चीपर्यंत जाते का रे?”

त्यानं त्या लिफ्टमधून वर जाताना बटणं पाहिली होती. शेवटचं सातचं होतं, गच्ची त्याच्याही वर.

“जाते,” तो म्हणाला आणि पुढची पायरी चढला.