तीन थरांचं दार

"मोजा," तपासनीस म्हणाले आणि भट्टीतून निघालेला ट्रे त्यांनी तिच्यापुढे सरकवला.

ट्रेमध्ये गाडीच्या फायबरच्या दाराचा तळहाताएवढा पांढरा तुकडा होता. भट्टीत त्यातलं रेझिन, थर चिकटवणारा राळेसारखा पदार्थ, जळून गेलं होतं. काच जळत नाही, म्हणून विणलेलं काचकापड तेवढं उरलं होतं. तिने चिमट्याने पहिला थर उचलला. मग दुसरा. मग तिसरा. खाली ट्रेचा पत्रा दिसला.

"तीन," ती म्हणाली.

"ड्रॉइंगमध्ये पाच आहेत. चाचणीसाठी खांबावर आदळवली त्या गाडीतही पाच होते. ते दार टिकलं, हे अपघातात फुटलं. गाडी चालवणाऱ्या मुलीचं कमरेखाली काही हलत नाही, बाई. दाराच्या आतल्या बाजूला तुमचा, सात नंबरच्या कामगाराचा शिक्का आहे. दोन थर गेले कुठे?"

तिने टेबलापलीकडे पाहिलं. तिथे कारखान्याचे गुणवत्ताप्रमुख बसले होते. तिचा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर तिने शाळा सोडून इथे हातात रोलर घेतला, तेव्हा तो चौथीत होता.

चाचणीच्या गाडीच्या वेळी तोच तिच्याकडे आला होता. "ताई, हे दार तुझ्याच हातचं हवं. पाच थर घाल. एक बुडबुडा राहता कामा नये." पत्रा चेपतो, धक्का पोटात घेतो, फायबर चेपत नाही, तडकतं. तिला हे कुणी सांगायला नको होतं. दिवसभर रोलर फिरवून तिने शेवटचा बुडबुडा काढला.

पुढच्याच आठवड्यात तो पुन्हा आला. "आता तीनच घालायचे. नवं रेझिन आलंय, दुप्पट ताकदीचं. हलकी गाडी जास्त पळते."

"लेखी दे की."

"अगं, मी सांगतोय ना! घरातल्या माणसाकडे कागद मागतेस? उद्या जेवायला वाढून पावती फाडशील!"

तीही हसली होती.

आता तो घसा खाकरून म्हणाला, "हाताचं काम आहे, साहेब. या सात नंबरच्या बाई जुन्या आहेत, पण वयोमानाने नजरचूक होते. आम्ही त्यांना समज देऊ."

तो आपल्याबद्दल बोलतोय, हे कळायला तिला क्षणभर वेळ लागला.

"साहेब," तिने तपासनीसांना विचारलं, "नवं रेझिन कधी आलं?"

त्यांनी कागद उलटले. "नवं कसलं? सहा वर्षं एकच आहे."

त्या 'नव्या' रेझिनचा वास जुन्यासारखाच होता. तिला तेव्हाही तो जाणवला होता. इतक्या वर्षांत आपलंच नाक गेलं असेल, असं तिला वाटलं होतं.

"तीन थर मीच घातले," ती म्हणाली. "चुकून नाही, सांगितले म्हणून. कुणी सांगितले त्याचा कागद माझ्याकडे नाही. पण आवारात चाळीस गाड्या उभ्या आहेत. बारा नंबरची पोरगी पंचवीस वर्षांची आहे, डोळ्यांत तेल घालून काम करते. तिच्या दाराचा तुकडा जाळा. नऊ नंबरचाही जाळा. सगळ्यांची नजर एकदम कशी चुकली ते बघा."

"दारं कापावी लागतील."

"मी कापते."

"त्या विकलेल्या गाड्या आहेत!" भाऊ खुर्चीतून अर्धवट उठला.

"म्हणूनच," तपासनीस म्हणाले.

आवारात ऊन होतं. लाल गाडीच्या दारात तिला स्वतःचा चेहरा दिसत होता. त्यावरच तिने खडूने चौकोन आखला आणि कटरची वायर सोडवली. तपासनीस पिशव्यांवर नंबर लिहीत थोडे लांब उभे होते. भाऊ धावतच आला.

"ताई, थांब ना. माझं काय होईल, याचा काही विचार केलास?"

तिने पातं घट्ट बसवलं, हाताने फिरवून पाहिलं.

"ताई, मी तुझ्याशी बोलतोय."

"उघड्या तोंडाने इथे उभा राहू नकोस," ती म्हणाली. "काचेची धूळ एकदा छातीत गेली की निघत नाही."

एप्रनच्या खिशातून तिने जादाचा मास्क काढून त्याच्यापुढे धरला. तो घेईना. ती हात तसाच धरून उभी राहिली. शेवटी त्याने घेतला, पण त्याला नाड्या नीट बांधता येईनात. दोनदा गाठ सुटली.

ती थांबली. गाठ बसल्यावर तिने कटरचा खटका दाबला.