थेंबातले काळीज

मित्रांनो, माझ्या अंगाचा काळा रंग उडाला आहे आणि कडांना आतले पितळ दिसू लागले आहे. त्यावरून माझ्या वयाचा अंदाज तुम्हाला आलाच असेल. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. बारीक गोष्ट मोठी करून दाखवणे हे माझे काम.

कारखान्यात माझी भिंगे घासून तयार झाली आणि तिथून मी थेट एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आलो. सुरुवातीला माझा काय थाट होता! मखमली अस्तराची लाकडी पेटी, पुसायला खास मऊ फडके. मुले रांगेत उभी राहायची आणि एक डोळा मिटून माझ्यात बघायची. पण खरे सांगू? मी त्यांना जे दाखवत होतो ते सगळे मेलेले होते. पानांचे आणि किड्यांचे काप, गुलाबी-निळ्या रंगात बुडवलेले, दोन काचांमध्ये कायमचे चिकटवलेले. वर्षानुवर्षे तेच. जगात एवढेच असते, अशी माझी समजूत झाली होती.

मग विजेच्या दिव्याचे नवे सूक्ष्मदर्शक आले आणि मी कपाटात गेलो. माझ्यात उजेड पाडणारा आरसा कुणीतरी काढून नेला. माझा स्क्रू जाम झाला. शेवटी ते कपाटही रिकामे करायला काढले आणि मी दाराशी भंगाराच्या ढिगात जाऊन पडलो.

तिथे मला ती भेटली. पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी होती. मैत्रिणी तिला 'फुकटी' म्हणायच्या आणि तीही हसून ओ द्यायची. शहरात काय काय फुकट मिळते हे तिला तोंडपाठ होते. संग्रहालय कोणत्या वारी विनातिकीट असते, कोणत्या व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे मिळतात, कोणता छापखाना पाठकोरे कागद देतो, सगळे ठाऊक!

"बाई, हे फुकट मिळेल?" तिने प्रयोगशाळेच्या बाईंना विचारले.

"अगं, त्याला आरसा नाही. आंधळा झालाय तो."

"पण मिळेल का?"

बाईंना हसू आवरेना. "ने बाई ने. पुन्हा इथे आणून टाकू नकोस म्हणजे झालं."

तिने मला पोटाशी धरले आणि घरापर्यंत पायी नेले. घर म्हणजे तिच्या मावशीची एक खोली. मावशी इस्पितळाच्या धुलाईखान्यात दिवसभर उभी राहून चादरींना इस्त्री करायची. संध्याकाळी तिचे पाय सुजलेले असायचे. खोलीत आधीच कुणीतरी टाकलेली खुर्ची होती, मान मोडलेला दिवा होता, रोपवाटिकेने नको म्हणून दिलेली रोपे होती.

"आता हे काय आणलंस?"

"सूक्ष्मदर्शक, मावशी. फुकट मिळाला!"

मावशी रागावली असती तर बरे झाले असते. ती हळूच म्हणाली, "दुसऱ्यांनी टाकलेलं आपण किती उचलायचं गं? मला नाही बघवत. रविवारी भंगारवाला येईल, त्याला देऊन टाक."

मुलीचा चेहरा एवढासा झाला. पण ती हात बांधून बसणारी नव्हती. तिने काचवाल्याच्या दुकानातून आरशाचा एक उरलेला तुकडा आणि साध्या काचेच्या काही पट्ट्या मागून आणल्या. त्यांच्या कडा दगडावर घासल्या. आरसा माझ्या खाली बसवला आणि माझा स्क्रू तेलाने सैल केला. रविवारी सकाळी तिने जवळच्या बागेतल्या तळ्याचे पाणी बाटलीत भरून आणले, मला खिडकीत ठेवले, काचेच्या पट्टीवर एक थेंब टाकून ती माझ्या भिंगाखाली सरकवली आणि आरसा आभाळाकडे वळवला. किती वर्षांनी माझ्यात उजेड शिरला!

आणि मित्रांनो, मी पाहिले. तो थेंब जिवंत होता. चपलेच्या आकाराचे इवलेसे जीव सुळकन इकडून तिकडे जात होते. देठावरच्या घंटांसारखे दिसणारे जीव दचकून मिटत होते आणि पुन्हा उघडत होते. त्यांच्यामधून एक पाणपिसू, म्हणजे पाण्यात राहणारा पिसवेएवढा जीव, उड्या मारत आली. तिचे अंग काचेसारखे आरपार होते आणि आत काहीतरी भराभर उघडमीट करत होते. इतकी वर्षे मी डोळा असून आंधळाच होतो की काय!

मुलीने श्वास रोखला होता. "मावशी, ये ना. लवकर!"

मावशी ओले हात पुसत आली. खाली गल्लीत भंगारवाल्याची आरोळी घुमली.

"मला काही दिसत नाही बाई. नुसता उजेड दिसतोय."

"थांब जरा. हलू नकोस."

मावशी थांबली. मग तिचा आवाजच बदलला.

"अगं, हिचं काळीज धडधडतंय!"

"हो मावशी."

"आणि पाठीत ही पिल्लं आहेत का गं? हलताहेत! डोळे आहेत त्यांना, काळे काळे!"

भंगारवाल्याने पुन्हा हाक दिली. मावशीने माझ्यावरून डोळा काढला नाही. "त्याला म्हणावं, जा बाबा. आमच्याकडे टाकायला काही नाही."

बऱ्याच वेळाने ती खुर्चीवर टेकली. तिचे डोळे भरून आले होते. "तुझी आई तुला पोटात घेऊन माझ्याकडे आली होती ना, तेव्हा मी तिच्या पोटाला कान लावून बसायचे. तसंच वाटलं बघ." मग ती एकदम दचकली. "हा थेंब सुकेल की! ऊठ, हिला घरी सोडून येऊ."

आणि सुजलेल्या पायांनी ती माऊली स्वतः तळ्यापर्यंत चालत गेली.

पुढे धुलाईखान्यातल्या साऱ्या बायका माझ्यात डोकावून गेल्या. ती मुलगी आज तळ्यांमधल्या जिवांचा अभ्यास करते. तिच्याकडे माझ्याहून कितीतरी बलवान यंत्रे आहेत. मी अजून मावशीच्या खिडकीतच आहे.

मित्रांनो, माझी काच मऊ फडक्याने पुसा, मला पेटीत कोंडून ठेवू नका. आणि माझ्यात बघून झाले की तो थेंब तेवढा जिथून आणला तिथे परत नेऊन सोडा. त्यात कुणाचे तरी घर असते.