खुल्या गटातली लढत

मैत्रीच्या वजनगटात दुसरी एकही मुलगी आली नाही, म्हणून तो गटच रद्द झाला. ज्यूदोच्या राज्य निवडीसाठी आता उरला तो खुला गट, जिथे वजनाला बंधन नाही. वयाच्या अटीमुळे हे तिचं शेवटचं वर्ष. "नाही जमलं, तर सोमवारी हडपसरच्या कॉल सेंटरला रुजू व्हायचं," असं वडील सीताराम निघताना म्हणाले होते. रागानं नव्हे, थकून.

आणि अंतिम लढतीत समोर उभी राहिली उल्का. येरवड्याच्या एकाच क्लासात दोघी लहानपणापासून शिकलेल्या. उल्का अंगानं तिच्या जवळजवळ दुप्पट. मैत्रीचा हुकमी डाव एकच : झटकन समोरचीच्या पोटाखाली शिरायचं आणि खांद्यावरून तिला पाठीवर आपटायचं. बुटक्या माणसाला त्यासाठी फार वाकावं लागत नाही. पण हा डाव तिनं घोटला होता तो उल्कासमोरच; उल्काला तो पाठ होता.

पंचांनी इशारा करताच उल्कानं लांब हात टाकून तिची मानेमागची कॉलर पकडली आणि सगळा भार तिच्यावर टाकला. मैत्रीचा श्वास कोंडला. ओढावं तर उल्का जागची हलेना; ढकलावं तर आपणच मागे सरकतोय. ती जिवाच्या आकांतानं आत शिरली, तर उल्कानं नुसतं पोट पुढे काढून तिला चेपलं आणि कुशीवर पाडलं. गुण उल्काला मिळाला.

क्लासच्या प्रशिक्षक विजयमालाबाई कडेला बसल्या होत्या. दोघी त्यांच्याच, म्हणून तोंड मिटून.

वेळ संपत आली. उल्का नुसती थांबून राहिली असती तरी चाललं असतं, पण एकदाचं संपवावं म्हणून ती अख्ख्या वजनानिशी पुढे आली. मैत्रीनं विरोधच सोडला. एक पाय उल्काच्या पोटात रोवून ती स्वतः पाठीवर पडली, आणि ते एवढं मोठं शरीर तिच्या डोक्यावरून पलीकडे गेलं.

मैत्री रोज पडत आली होती. उल्काला क्लासात कुणी कधी पाडलंच नव्हतं. सावरायला तिनं हात पुढे टाकला आणि कोपरातून कडकन आवाज आला.

सरळ पाठीवर पाडलं की लढत तिथेच संपते; पंचांचा हात मैत्रीच्या बाजूनं वर गेला. तिनं तिकडे पाहिलंही नाही. ती रांगतच उल्काकडे गेली.

"उल्के, हात हलवू नकोस गं!"

"हलतोय कुठे?" उल्का दात आवळून म्हणाली. "हा डाव कधी शिकलीस?"

"कधीच नाही. दुसरं काही उरलंच नव्हतं."

"माझं तरी काय उरलं होतं, मैत्री? माझंही हे शेवटचंच वर्ष."

विजयमालाबाईंनी उल्काचा कमरपट्टा तिच्याच गळ्यात अडकवून त्यात तिचा हात बांधला. दवाखान्याच्या वाटेवर, रिक्षात, प्रत्येक खड्ड्याला उल्का कळवळायची आणि मैत्री ओरडायची, "अहो काका, हळू!" राज्याच्या संघात आपलं नाव आलं, हे घरी कळवायचं तिच्या ध्यानातही नव्हतं.