कागदावरचं कुटुंब

अटलांटाच्या दक्षिण अंगाच्या त्या गल्लीत अकरा घरं. दहा एकाच कंपनीनं विकत घेऊन भाड्यानं लावलेली, अकरावं चर्चमधले म्हातारे सेवक, डीकन पेटवे, यांचं. शेजारच्या भाड्याच्या घरात व्हर्लीन राहायची. भाडं दर वर्षी वाढे. तरी पोटाला चिमटा घेऊन सहा वर्षांत तिनं हे अकरावं घर घेण्याची तयारी केली होती. बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र तेवढं शुक्रवारी यायचं होतं. आणि आज मंगळवारीच डीकन घर दुसऱ्याला विकायला निघालेले. घेणाऱ्यांना बाराच्या आत सही हवी होती.

व्हर्लीन धावत आली तेव्हा बाराला दहा कमी होते. पेन डीकनच्या हातातच होतं.

"शुक्रवारपर्यंत थांबा की हो, डीकन!"

"उशीर केलास, पोरी. हे रोख देतायत. आणि माझ्या बायकोला, ल्यूसीलला, ती जाताना शब्द दिला होता मी, घर कुटुंबालाच देईन म्हणून. हे बघ, कागदावरच लिहिलंय, कुटुंब!"

"नाव काय त्या कुटुंबाचं?"

"असेल कुठंतरी. तू कधीपासून वकील झालीस?"

"मग वाचा ना मोठ्यानं. चर्चमध्ये वाचता तसं."

डीकन हसले. चाळीस वर्षं दर रविवारी ते भजनाची ओळ सांगत आणि सारी मंडळी ती मागून ओढून गात. मागून साद आल्याशिवाय पुढची ओळ त्यांच्या तोंडून निघत नसे. ओळ अर्धी लोंबकळत राहिली की देवालाही चैन पडत नाही, म्हणायचे. त्यांनी घसा खाकरला.

"घराचा प्रकाऽर..."

"घराचा प्रकाऽर..." व्हर्लीननं मागून ओढलं.

"एका कुटुंबाचंऽ..."

"एका कुटुंबाचंऽ..."

"भाड्यानं द्यायचंऽ..."

व्हर्लीन गप्प.

डीकन थांबले. घड्याळाचा काटा सरकला.

"म्हण की."

"हीच ओळ माझ्या भाडेकरारावर आहे, डीकन. घराच्या प्रकाराचं नाव आहे ते. घर घेणारी कंपनीच आहे, दहा घरांची तीच. कुटुंब येईल ते माझ्यासारखं, भाडं भरायला."

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, ओठांतल्या ओठांत. फोन वाजला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिली. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला.

डीकननी पेनाला टोपण लावलं.

"शुक्रवार. त्यापुढं एक दिवस नाही हं, शनिवारी लेक मला न्यायला येतेय." मग आवाज लावून म्हणाले, "शुक्रवाऽर..."

"शुक्रवाऽर..." व्हर्लीननं ओढलं, आणि सूर मध्येच फुटला.