नलूची फर्माईश

सूर्य कुणाच्या संसारात लक्ष घालत नाही. नाचणगावच्या मधुकररावांच्या संसारात मात्र त्यानं १९८१ साली घातलं.

नवी नवरी नलू रुसली होती. तिचं नाव रेडिओवर यावं म्हणून मधुकररावांनी फर्माइशीचं पोस्टकार्ड धाडलं. त्या सकाळी शॉर्टवेव्हवर ‘नाचणगाँव से...’ एवढं ऐकू आलं आणि स्टेशन गडप झालं.

मधुकरराव बी.एस्सी. होते. म्हणाले, “सूर्यावर स्फोट झाला असन. मंग वरची हवा लहरी गिळून टाकते.”

“सूर्याले काऊन माह्या नावाचं वावडं जी?” नलू खुदकन हसली. रुसवा गेला.

तेव्हापासून मधुकररावांनी सूर्याला रोज अर्घ्य दिलं.

पोस्टकार्डावर नावं मानाप्रमाणं होती, आजोबांपासून. नलूचं अकरावं होतं. निवेदिका चारच वाचायची.