ईसनचा मुलगा

शार्दूलने कायमच्या वास्तव्याचा अर्ज भरला आणि आठवड्याभरातच नागपूरहून वैभवीताईचा फोन आला. बाबांच्या किडन्या थकल्या होत्या. डॉक्टर आता महिन्यांचं नाही, दिवसांचं बोलत होते.

इंग्लंडात रीडिंगला येऊन त्याला पाच वर्षं झाली होती. जुना व्हिसा नुकताच संपला होता. निर्णय येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज रद्द, आणि परत यायचं तर सगळं नव्याने. त्यात कंपनीत माणसं कमी करणं चालू होतं. त्याची बायको ऋजुता म्हणाली, जा, पुढचं पुढे बघू. तो म्हणाला, आठ दिवस थांबू, येईलच ईमेल.

व्हिडिओ कॉलवर बाबांनी विचारलं, "येतोस का रे?"

"आठ दिवसांत, बाबा."

त्या महिन्यात त्याने हेच उत्तर तीनदा दिलं.

त्याच दिवसांत नऊ वर्षांच्या आर्याला शाळेत ग्रीक गोष्टी होत्या. जेवणं झाली की बापलेक वाचायला बसत. जेसनचे वडील ईसन. त्यांचं राज्य भावाने बळकावलेलं. तो काका जेसनला सांगतो, जगाच्या टोकाला झाडावर सोनेरी लोकरीचं कातडं, गोल्डन फ्लीस, टांगलंय, ते घेऊन ये, राज्य तुझं. राखणीला न झोपणारा नाग. नागाचं पान आर्याने दोनदा वाचायला लावलं.

"पण ते रिअली लोकरबद्दल नाहीये," तिने समजावलं. "मिस म्हणाली, इट्स लाइक प्रूफ. ते ज्याच्याकडे असेल, तो तिथला किंग."

बाबा मंगळवारी पहाटे गेले. शार्दूलने अंत्यविधी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून फोनवर पाहिला. अग्नी ताईने दिला. चित्र मध्येच गोठलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा ती मागे वळून चालू लागली होती. तो वर गेला आणि दोनच्या मीटिंगला बसला.

अकराव्या दिवशी ईमेल आला. अर्ज मंजूर. त्याने तो दोनदा वाचला आणि एक शब्दही न लिहिता ऋजुताला पाठवून दिला.

त्या संध्याकाळी आर्याचं पुस्तक संपलं. जेसन कातडं घेऊन परतला होता.

"आणि त्याचे बाबा?" तिने विचारलं.

पुस्तकात काहीच नव्हतं. शार्दूलने फोनवर शोधलं. गोष्टी दोन होत्या. एकीत जेसनची बायको मीडिया जडीबुटीने म्हाताऱ्याला पुन्हा तरुण करते. दुसरीत, जेसन आता परत येत नाही असं समजून काका ईसनला मरण पत्करायला लावतो, आणि जहाज त्यानंतर किनाऱ्याला लागतं. पहिली सांगून मोकळं होता आलं असतं. त्याने दुसरी सांगितली.

आर्याने पुस्तकाचं शेवटचं पान पुन्हा उलटून पाहिलं. "मग ती फ्लीस त्याने कुणाला दाखवली?"

"माहीत नाही गं," तो म्हणाला. मग बाथरूममध्ये गेला, नळ सोडला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

शनिवारच्या विमानाने तो एकटाच निघाला. नागपूरच्या घरी भेटायला येणारे लोक त्याची समजूत घालत होते. नियमच तसा, तो बिचारा काय करणार, असं काकू सगळ्यांना सांगत होत्या. त्याने ते दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं झाल्यावर तो स्वयंपाकघरात ताईजवळ गेला.

"मला येता आलं असतं, ताई. मी आलो नाही."

वैभवी कणीक मळत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "बाबांनाही. शेवटचे दोन दिवस त्यांनी तुझं विचारणं सोडलं होतं."

तो ओट्याला टेकून उभा राहिला. काही वेळाने तिने गॅस पेटवला, तवा ठेवला आणि त्याला पाटावर बसायला सांगितलं. तो बसला. पोळी ताटात पडली तरी त्याला घास तोडता येईना.